मागच्या सीटचा पट्टा

माझे बाबा आरोग्य केंद्राची गाडी चालवायचे. दिवेआगरच्या अलीकडे आमचं गाव आणि केंद्र तिथून जवळच. झाडावरून पडलेला माणूस, साप चावलेली पोर, अडलेली बाळंतीण, सगळे त्यांच्या गाडीतून श्रीवर्धनला नाहीतर माणगावला गेले. पंचक्रोशीत त्यांना नावाने हाक मारणारं क्वचित कोणी. लहानथोर सगळे ‘डायवर’ म्हणायचे आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

केंद्रातल्या एका डॉक्टरांची बदली लांब झाली तेव्हा त्यांनी आपली छोटी पांढरी गाडी बाबांना दिली. ती तेव्हाच जुनी होती. पुढच्या दोन सीटना नुसते लोंबते पट्टे होते, ओढले की आपोआप आवळणारे नव्हेत. बाबांनी ते पहिल्याच दिवशी सीटखाली कोंबले. मागे रेक्झिनचा एक सपाट बाक. त्याला पट्टे नव्हतेच. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आमच्या घरात चारचाकी आली हेच पुष्कळ होतं.

त्या गाडीत आईची जागा ठरलेली होती. मागे, बरोबर मध्ये. दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठींवर ठेवून ती पुढे झुकून बसायची. कडेला बसली की तिला मळमळायचं. मधून समोरचा रस्ता दिसतो म्हणून बरं वाटतं, असं ती सांगायची. पुढची सीट रिकामी असली तरी ती तिथे बसत नसे. केंद्राच्या गाडीत पुढची जागा पेशंटच्या माणसाची असायची आणि बाबांनी तीच सवय आपल्या गाडीतही ठेवली होती. रस्त्यात कोणी म्हातारा, कोणी पोरगं घेतलेली बाई उभी दिसली की गाडी थांबायची आणि ते माणूस पुढे बसायचं. आईलाही यात काही वावगं वाटत नव्हतं.

मधे बसल्यामुळे तिचं तोंड बाबांच्या डाव्या कानापाशी यायचं. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. डिझेल इंजिनाचा आवाज आणि उघड्या खिडकीतला वारा इतकी वर्षं त्या बाजूने खाल्ला, त्याचा परिणाम. आई त्या डाव्या कानात बोलत राहायची. शेजारच्या घरात काय शिजतंय, पोफळींना यंदा रोग का लागला, विहारात पौर्णिमेला कोण आलं नाही, माझ्या धाकट्या भावाचं लग्न का जमत नाही. बाबा फक्त ‘व्हय’ आणि ‘बरं’ म्हणायचे. कधीमधी हसायचे.

घरात त्या दोघांना असं बोलताना मी पाहिलं नाही. लग्न होऊन आई आली तेव्हा घरात आजोबा होते, आणि सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलायचं नाही अशी रीत. पुढे आजोबा गेले, पण सवय गेली नाही. बाबा ओट्यावर, आई चुलीपाशी. जे काय बोलायचं ते बाजाराला जाता-येता गाडीत.

मी पनवेलला एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. महामार्ग जवळ असल्यामुळे अपघाताचे पेशंट रोजचेच. गाडीत पुढे बसलेल्यांपेक्षा मागे बसलेल्यांच्या फिल्म पाहताना मला जास्त त्रास व्हायचा, कारण त्यांनी पट्टा लावलेलाच नसायचा. मागे बसलं की काही होत नाही, असं सगळ्यांनाच वाटतं. एका रविवारी आईच्या वयाची एक बाई आली. मागच्या सीटवर मधे बसली होती, असं तिच्या मुलाने सांगितलं. मी तिची फिल्म काढली. त्या दिवशी घरी गेल्यावर मी बाबांना फोन केला आणि गाडीला मागे पट्टे बसवून घ्या म्हणून सांगितलं.

“मी आजवर कुणाला ठोकलंय का?” बाबा म्हणाले.

“तुम्ही नाही हो. दुसरा ठोकेल ना.”

“बघू.”

त्यांचं बघू म्हणजे नाही. असंच काही काळ चाललं. मग वादळ आलं. आमच्याकडे त्या वादळाची वर्णनं करायला कोणाला आवडत नाही. ज्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या गेल्या त्याला विचारू नये आणि आमच्या तर वाड्याही नव्हत्या, घरामागे चार पोफळी आणि अंगणात एक माड. तो माड गाडीवर पडला. बॉनेट चेपलं, समोरच्या काचेचा चुरा झाला. आधी छप्पर, मग वीज, मग बाकीचं, असं करता करता गाडी बरेच दिवस झावळ्यांखाली तशीच उभी होती.

शेवटी ती बोर्लीच्या गॅरेजात नेली तेव्हा मी सुट्टी काढून गेले. गॅरेजवाले चाचा पूर्वी केंद्राच्या गाडीची कामं करायचे. नंतर बरीच वर्षं आखातात होते, परत येऊन त्यांनी रस्त्याकडेला शेड टाकली होती. बाबांची आणि त्यांची जुनी ओळख. मी चाचांना म्हटलं, “गाडी उघडतोच आहोत तर हिला नव्या गाडीसारखं करून द्या. पट्टे, एअरबॅग, काय काय असतं ते सगळं.”

चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली. “एअरबॅग न्हाय बसायची, बेटी. ती नुसती पिशवी नसते. सेन्सर, वायरिंग, स्टिअरिंग, सगळी गाडी तिच्या हिशोबाने बनवलेली असते. इथे लावली तर नको तेव्हा फुटेल, नाहीतर हवी तेव्हा फुटणार न्हाय. ते खोटं काम मी करत नाय.”

“मग काय होईल?”

“पट्टे होतील. पुढे आणि मागे, खांद्यावरून येणारे. पुढे नव्या मॉडेलच्या सीटा टाकू, मान टेकायला उशी असलेल्या. समोरची काच चुरा न होणारी. टायर बदलू. ब्रेकचं सगळं नवीन.” मग बाबांकडे वळून म्हणाले, “आणि हा पुढचा लोखंडी गार्ड काढायचा, डायवर.”

तो गार्ड बाबांचा लाडका होता. “तो कशापायी? उलट धक्का तोच खातो.”

“खात न्हाय. धक्का सरळ आत पाठवतो. पुढचा पत्रा चेपला पाहिजे, म्हणजे आतलं माणूस वाचतं.”

बाबांना ते पटलं नाही, पण गार्ड निघाला.

खरं काम मागच्या पट्ट्यांचं होतं. चाचांनी मागचा बाक काढून खालचं मॅटिंग उचललं. खाऱ्या हवेने तळाचा पत्रा मधोमध बिस्किटासारखा झाला होता. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. पट्ट्याचा बोल्ट नुसत्या पत्र्याला लावला तर धक्क्याला पत्र्यासकट उपटून येतो, म्हणून आतून जाड लोखंडी पट्टी देऊन मगच तो आवळायचा असतो, हे चाचांनी आम्हाला दाखवलं. दोन्ही कडांना घट्ट पत्रा होता, तिथे ते जमत होतं. मधे सगळा पत्रा कापून नवीन घातला तरी जोडायला आजूबाजूला धड जागा नव्हती.

“म्हणजे मधल्या जागेला पट्टा नाही?” मी विचारलं.

“मधे बसायचंच न्हाय,” चाचा म्हणाले. “मधे मी एक खोकं ठोकून देतो. सामान ठेवा.”

आई तेव्हा तिथेच होती. बाहेरच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

चाचांनी पट्टे नवे आणवले. भंगारातले स्वस्त मिळत होते, पण ते कोणाच्या अपघातात ताणले गेलेत कोण सांगणार, असं ते म्हणाले. कागदोपत्री काय चालतं आणि काय चालत नाही तेही विचारून आले. काम चांगलं झालं, हे मी आजही म्हणेन. मी हट्ट धरला ते चुकलं असंही मला वाटत नाही. पुढे जे झालं त्यानंतर तर नाहीच.

बाबांनी पट्ट्याची गोष्ट मनावर घेतली. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस. एकदा नियम मानला की मानला. ज्यांना गाडीत घेत त्यांनाही सांगत, “पट्टा लागल्याशिवाय गाडी हलायची न्हाय.” कोणी हसलं तर इंजिन बंद करून समोर बघत बसायचे. मग ते माणूस मुकाट्याने पट्टा ओढायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले आणि आम्ही म्हसळ्याच्या बाजाराला निघालो. मी पुढे बसले. आई मागे डाव्या कडेला, खांद्यावरून पट्टा, पाठ सीटला टेकलेली. मध्ये चाचांचं खोकं. गाडी छान चालत होती. वळणावर पूर्वीसारखी डोलत नव्हती. खामगावचा चढ लागेपर्यंत माझ्या लक्षात आलं की गाडीत कोणी बोलत नाही. मी मागे वळून पाहिलं. आई तोंडात आल्याची वडी धरून खिडकीबाहेर बघत होती.

“आये, बोल की काहीतरी.”

“कोनाशी बोलू? तिथवर आवाज जात न्हाय. ओरडून सांगायची गोष्ट हाय का ती.”

मी म्हटलं, पुढे बसत जा मग. तर म्हणाली, “पुढची सीट पेशंटची.” आता कुठला पेशंट, असं मी म्हणणार होते, पण बाबांनी रेडिओ लावला. तो रेडिओ नवीन होता. पूर्वी त्यांना त्याची गरज पडली नव्हती.

त्या फेरीनंतर मी अस्वस्थ होते. एवढी साधी गोष्ट होती. पण साठीच्या पुढच्या दोन माणसांना तुम्ही जवळ बसा आणि बोला असं पोटच्या मुलीने कसं सांगायचं? मी सांगितलं नाही. आईचे फोन यायचे त्यात बाबांचा उल्लेख कमी कमी होत गेला. कुठे गेला होतात का विचारलं की म्हणायची, “मी न्हाय गेले. तेच आणतात बाजार.”

मग हिवाळ्यात एक दिवस फोन आला आणि आईचा आवाज वेगळा होता.

“तुझ्या बाबांनी आज मला पुढं बसवली.”

कसं काय, ते तिने दोनदा सांगितलं. बोर्लीच्या फाट्यावर एक ओळखीचा म्हातारा उभा होता. बाबांनी गाडी थांबवली. म्हाताऱ्याने नेहमीप्रमाणे पुढचं दार उघडलं. बाबा म्हणाले, “काका, मागं बसा. हितं हिला बसायचं हाय.” मग मागे वळून आईला म्हणाले, “ये पुढं.” म्हातारा उभा, गाडी चालू, मागून हॉर्न वाजतायत आणि आईला पट्टा सुटेना. शेवटी त्या म्हाताऱ्यानेच तो सोडवून दिला. पुढे येऊन बसली तर पाय कुठे ठेवायचे तेच तिला कळेना, इतकी जागा.

“भीती नाही वाटली?”

“वाटली. समोरची गाडी अंगावर आल्यागत वाटते. पन होते सवय.”

त्यानंतर ते दोघं हिंडू लागले. मला दुसरा शब्द सुचत नाही. जन्मभर समुद्राकाठी राहून आईने हरिहरेश्वरच्या मागचे खडक पाहिले नव्हते, ते पाहिले. दिघीच्या जेट्टीवर जाऊन आगरदांड्याहून येणारी फेरीबोट लागताना बघत बसले, काही कारण नसताना. एकदा फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे गेले, तिथे चहा प्यायले आणि पुढच्या फेरीने परत आले. हे मला भावाने सांगितलं. त्याला काळजी वाटत होती. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, असू दे.

फोनवर आता आई बाबांची बोलणी सांगायची. केंद्रात असतानाच्या गोष्टी, ज्या आम्ही कोणी ऐकल्या नव्हत्या. एका बाळंतिणीने गाडीतच मूल जन्माला घातलं आणि बाबांनी नाळ बांधायला आपल्या बुटाची नाडी रस्त्याकडेच्या घरातून उकळून आणून दिली होती, हे आईला त्या हिवाळ्यात कळलं. “मला इतक्या वर्षांत सांगितलं न्हाय,” ती म्हणाली. रागाने नाही. नवल वाटून.

हे सगळं उन्हाळा लागेपर्यंत चाललं.

श्रीवर्धनकडे एका नात्यातल्या मुलाचं लग्न होतं. दुपारचं जेवण करून दोघं परत निघाले. वाटेत विकून उरलेल्या मासळीचं टोपलं घेऊन एक कोळीण उभी होती, तिला त्यांनी मागे घेतलं. ती पट्टा लावायला तयार नव्हती. नेसलेलं लुगडं चुरगळतं म्हणाली. बाबांनी इंजिन बंद केलं. ती बडबडत पट्टा ओढून बसली. मग गाडी निघाली.

एका आंधळ्या वळणावर समोरून पर्यटकांची मोठी गाडी रिक्षाला मागे टाकत बाबांच्या बाजूला आली. बाबांनी गाडी डावीकडे घेतली. तिथे चिऱ्याचा गडगा, कुणाच्या तरी वाडीचं दगडी कुंपण होतं. मोठ्या गाडीने उजव्या कोपऱ्याला ठोकलं आणि आमची गाडी गडग्यावर आपटली.

मला फोन आईनेच केला. “आम्ही हावोत,” हे तिचं पहिलं वाक्य. मी पोहोचले तेव्हा तिघांना दवाखान्यात आणलं होतं. तिथल्या तंत्रज्ञाला मी माझं काम सांगितलं आणि त्याने फिल्म माझ्या हातात दिल्या. बाबांचं डावं मनगट चिरडलं होतं. आईचं हाड एकही मोडलं नव्हतं. तिच्या खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका निळा-काळा पट्टा उमटला होता. कोळणीची एक बरगडी तडकली होती. ती मासळीचं टोपलं कुठे गेलं ते विचारत होती. मागच्या सीटवर मधे कोणी बसलेलं असतं तर त्याची फिल्म कशी दिसली असती, ते मला माहीत होतं. मी त्या दिवशी बाहेर जाऊन नळाखाली बराच वेळ तोंड धुतलं.

गाडी चाचांच्या शेडमध्ये ओढून आणली होती. मी आणि भाऊ बघायला गेलो. पुढचा भाग चेपून अर्धा झाला होता, काच जाळीसारखी तडकून जागच्या जागी होती. चाचांनी वाकून मागच्या पट्ट्याचे बोल्ट चाचपले.

“आतली लोखंडी प्लेट धरून राहिली,” ते म्हणाले. मग विळ्याने चारही पट्टे कापून काढले. एकदा ताण बसला की पट्टा पुन्हा वापरायचा नसतो, आणि कोणी उचलून दुसऱ्या गाडीला लावू नये म्हणून कापायचा असतो. गाडीबद्दल मी विचारलं नाही. त्यांनीच मान हलवली. तळ वाकडा झाला होता.

बाबा गाडी शेवटची बघायला आले नाहीत. मनगट जुळलं, पण मूठ नीट वळत नाही. गिअर टाकता येत नाही. भाऊ म्हणाला, गिअर नसलेली गाडी घेऊ, हल्ली मिळते. बाबा म्हणाले, “बघू.” मग ड्रायव्हिंग लायसनची मुदत संपली आणि ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं.

आता मी महिन्या-दोन महिन्यांनी माझी गाडी घेऊन जाते. तिच्यात एअरबॅगा आहेत, बाकीचंही सगळं आहे. त्यांना कुठे नेऊ विचारते. दोघं माझ्यासाठी म्हणून येतात. बाबा पुढे बसतात, पट्टा लावतात, आणि मी जिथे ब्रेक दाबायला हवा होता तिथे त्यांचा उजवा पाय हलतो. आई मागे. मी गाडी चालवत असते तेव्हा त्यांना माझ्यादेखत बोलता येत नाही, हे मला हळूहळू कळलं. मी एकदा त्यांना जेट्टीवर सोडून मुद्दाम लांब जाऊन उभी राहिले. दोघं कठड्यावर बसले होते. बाबा पाण्याकडे बघत होते आणि आई पदराचं टोक बोटांनी विंचरल्यासारखं नीट करत होती.

“घरी बोलत जा ना,” मी आईला एकदा म्हटलं.

“घरात काय बोलायचं?” ती म्हणाली. “घरात कामं असतात.”

बाबांशी मी हा विषय काढला नव्हता. मागच्या खेपेला दुपारी ओट्यावर बसलो असताना त्यांनीच काढला. मनगटाला तेल चोळता चोळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला आधीच पुढं बसवायला पायजे होती.”

मला वाटलं अपघाताबद्दल बोलतायत. म्हटलं, “पट्टे लावत नव्हतो तेव्हा पुढे तरी काय, सारखंच होतं.”

“त्याबद्दल न्हाय म्हनत.”

“मग? मागे बसून पण बोलायची की ती.”

“बोलायची. मी ऐकायचो सगळं. पन इतक्या वर्षांत बोलताना तिचं तोंड मला दिसलं न्हाय.” मग म्हणाले, “ती हातवारे करते. मला ठावंच नव्हतं. ती बुटाच्या नाडीची गोष्ट मी सांगितली ना, तर असा हात तोंडावर ठेवला तिनं. गाडी चालवताना डावीकडं बघायचं नसतं. तरी बघितलं मी.”

ते तेल चोळत राहिले. आत आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, त्याचा आवाज येत होता. उठून तिला हे सांगावं असं मनात आलं, पण सांगितलं नाही. ते मी सांगण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी मी पनवेलला निघाले. त्यानंतर बाबांनी तिला ते स्वतः सांगितलं का, मला माहीत नाही. आईच्या बोलण्यावरून तरी तसं वाटत नाही.